बाटलीचं झबलं आणि परतीचं भाडं

पुण्याला पाठवलेल्या आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, सहा बाटल्यांपैकी दोन फुटल्या, हे फोटो आला तेव्हा कळलं. खोक्याचा तळ जांभळट लाल, पुठ्ठा भिजून लिबलिबीत, आणि आत फुगेवाल्या प्लास्टिकचे, म्हणजे बबल रॅपचे, वेढेच्या वेढे आगळात न्हालेले. कोकमाचं आगळ हाताळलेल्या कुणालाही विचारा, तो डाग पडला की कपडा बाद. ग्राहक बाई समंजस होत्या. "पैशांचं राहू द्या हो," म्हणाल्या, "पण हे एवढं प्लास्टिक मी टाकू कुठे? भंगारवाला नाही म्हणतोय."

कुडाळजवळ आमचा आगळ, मुरंबा, लोणच्यांचा छोटा घरगुती उद्योग आहे. आगळ आंबट, वर मीठ भरपूर, म्हणून ते काचेतच भरायचं हा आईचा हट्ट, आणि तो बरोबर आहे. पण काच म्हटली की गुंडाळणं आलं. त्या फोटोनंतर मी दोन प्रश्न धरून बसले. एवढं गुंडाळूनही बाटली का फुटली? आणि ज्या चार फुटल्या नाहीत, त्यांच्याभोवतीचं प्लास्टिक एका प्रवासापुरतंच का? पहिल्याचं उत्तर महिनाभरात सापडलं. दुसऱ्याचं अजून पुरतं सापडलेलं नाही, पण बरंच हाती लागलंय.

काच कशाने फुटते

काच दाबायला गेलात तर चांगलीच दणकट असते. कारखान्यातून रिकाम्या बाटल्या निघतात त्या थरावर थर रचून, आणि सगळ्यात खालची बाटली वरच्या सगळ्यांचं ओझं निमूट पेलते. तिला सोसत नाही ते ताणणं. आपटल्यावर बाटलीची भिंत किंचित वाकते, वाकली की तिची एक बाजू ताणली जाते, आणि त्या बाजूला एखादा ओरखडा असेल तर तिथून तडा सुरू होतो.

ओरखड्याचं एवढं काय, हे कापडाच्या दुकानात दिसतं. दुकानदार दोन मीटर मोजतो, कडेला कात्रीने बोटभर चीर देतो आणि टर्रकन हाताने फाडतो. ती चीर नसती तर तेच कापड त्याला जागचं हललं नसतं. हाताचा सगळा जोर चिरेच्या टोकाशी गोळा होतो. काचेचं तेच. डोळ्यांना न दिसणारे ओरखडेही त्या कात्रीचं काम करतात, आणि ते पडतात मुख्यतः काचेला काच घासली की. कोल्ड्रिंकची परतीची बाटली हातात घेऊन बघा: खांद्यापाशी आणि तळाजवळ पांढुरकी, खरखरीत पट्टी दिसेल. बाटली आखणारे त्या दोन जागा मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात. क्रेटमध्ये, कारखान्याच्या पट्ट्यावर घासायचंच असेल तर तिथे घासू दे, बाकीचं अंग शाबूत राहू दे.

आता पडण्याचं. खोकं कमरेच्या उंचीवरून, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटरवरून सुटलं, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. सायकलचा वेग. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर सगळं ठरतं. मध्ये नुसता पुठ्ठा असेल तर बाटली दोनेक मिलिमीटरमध्ये थांबते. ७५ सेंटिमीटरला २ मिलिमीटरने भागा, ३७५ येतात. ढोबळ हिशोबाने, थांबण्याच्या त्या क्षणी बाटलीवर तिच्याच वजनाच्या ३७५ पट जोर पडतो. आमची भरलेली बाटली ९०० ग्रॅमची, म्हणजे तीन क्विंटलांच्या वर. पण खाली अडीच सेंटिमीटर दबेल असं काही असलं, तर तोच भागाकार ३० वर येतो आणि जोर २७ किलोवर. तीन क्विंटल कुठे आणि २७ किलो कुठे! सगळ्या वेष्टनांची करामत ही एवढीच: थांबायला थोडी जागा द्यायची.

मऊपणा जास्त झाला तरी घोटाळा होतो. मी एकदा उशीतला स्पंज घातला होता. बाटली त्यात थेट तळापर्यंत गेली आणि मग फरशीवर आपटली. दबलं पाहिजे, पण पुरतं चेपता कामा नये.

पार्सलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांमधली एक अगदी साधी आहे. दहा किलोपर्यंतचं खोकं सुमारे ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा टाकायचं: एकदा कोपऱ्यावर, तीनदा कडांवर, सहा वेळा सहा बाजूंवर. बाटल्यांमध्ये मिठाचं पाणी भरून मी ती पडवीतल्या लादीवर केली. शेजारच्या काकू दोनदा डोकावून गेल्या, आमच्यात भांडण पेटलंय असं त्यांना वाटलं.

या खटाटोपातून एक गोष्ट कळली जी कासाराला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. फिरोजाबादहून येणाऱ्या काचेच्या बांगड्या दोऱ्याने करकचून बांधलेल्या असतात. मध्ये मऊ काही नाही, बांगडीला बांगडी टेकलेली, तरी एवढा प्रवास करून धड पोचतात. कारण एकीलाही दुसरीवर आपटायला फट ठेवलेली नाही. गोटी सोड्याच्या बाटल्यांचं तंत्र याच्या उलट आणि तितकंच जुनं: लाकडी खोक्यात प्रत्येकीला स्वतःचा खण. (ती गोटीवाली बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ ची. आपल्या जत्रांमध्ये ती अजून टिकून आहे, हे त्याला सांगितलं असतं तर पटलं नसतं.) बांधून टाका किंवा वेगळं ठेवा, पण हलू देऊ नका.

माझं खोकं उघडून पाहिलं असतं तर चूक लगेच दिसली असती. प्रत्येक बाटलीला फुगेवाल्या प्लास्टिकचे चार-चार वेढे, पण वर चार बोटं जागा रिकामी. कुरिअरच्या गाडीत सहा बाटल्या रात्रभर नाचत होत्या. तळाकडचे फुगे एकेक करून फुटले, आणि मग जे व्हायचं ते झालं. दोष प्लास्टिकचा कमी, माझा जास्त.

फुग्यांविषयी थोडंसं

हा फुगेवाला प्लास्टिकचा कागद वेष्टनासाठी जन्मलाच नव्हता. १९५७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या हॉथॉर्नला आल्फ्रेड फील्डिंग आणि मार्क शवान या दोघांनी न्हाणीघराचे दोन प्लास्टिकचे पडदे एकमेकांना चिकटवले. मध्ये हवेचे बुडबुडे अडकले. त्याचा भिंतीला लावायचा उठावदार कागद करावा, असा त्यांचा बेत होता. तो चालला नाही. १९६० मध्ये त्यांनी कंपनी काढली, आयबीएमने आपले १४०१ हे संगणक त्यात गुंडाळून पाठवायला सुरुवात केली, आणि मग जगभर फुगेच फुगे.

खरं सांगायचं तर हा कागद बऱ्यापैकी पुन्हा वापरता येतो. नीट सोडवला आणि चिकटपट्टी ओढून फाडला नाही तर तीन-चार फेऱ्या सहज. आपण तो फोडत बसतो, हा भाग वेगळा. खरा एकवेळचा आहे तो स्ट्रेच रॅप, म्हणजे ताणून गुंडाळायची पातळ फिल्म. ती सोडवताना कापावीच लागते, आणि कापली की संपली. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकवेळच्या प्लास्टिकवर बंदी आली, त्या यादीत मिठाईच्या खोक्यावरची, आमंत्रणपत्रिकेवरची आणि सिगारेटच्या पाकिटावरची फिल्म आहे. फुगेवाला कागद त्यात नाही. तेव्हा हा कायद्याचा बडगा नव्हे. त्या पुण्याच्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर देता आलं असतं तर बरं, एवढंच माझं कारण.

मग घालायचं काय

आजीच्या काळी काजूगर, लोणची, आगळ मुंबईला जायचं ते जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या बरणीतून, पत्र्याच्या ट्रंकेत. लुगडं, बरणी, ट्रंक, तिन्ही मे महिन्यात चाकरमान्यांबरोबर परत यायची. मी तिथूनच सुरुवात केली. जुन्या सुती साडीचे चार थर, गोधडीसारखा धावदोरा जवळजवळ घातलेला, बाटलीच्या मापाची पिशवी, तोंडाला नाडी. आईने पहिली पिशवी बाटलीला चढवली आणि म्हणाली, "झबलं झालं गो बाळाचं." तेच नाव पडलं.

झबलं दोन कामं उत्तम करतं. काचेला काच लागू देत नाही, आणि खणात घट्ट बसून बाटली हलू देत नाही. तिसरं काम, थांबायला जागा देणं, त्याला झेपत नाही. चार थर मिळून सेंटिमीटरभरही दबत नाहीत. म्हणून खाली आणि वर काथ्याची गादी. नारळाच्या सोडणापासून निघालेला काथ्या रबराच्या चिकाने बांधून त्याच्या गाद्या करतात, अंथरुणाच्या गादीतही तोच असतो. या धाग्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, भरपूर, त्यामुळे तो लवकर कुजत नाही, आणि चेपला तरी पुन्हा वर येतो. आमच्या गाद्यांना दुसरा पावसाळा लागलाय, अजून उसळी मारतात. एक-दोन ठिकाणी गुलाबी झाल्यात, ती आगळाची कृपा.

पेंढा मी सोडून दिला. आंब्याच्या पेटीत तो झकास काम करतो, कारण आंबा हलका आणि पेंढा गावातच मिळतो. पण जड बाटलीखाली तो एका फेरीत चुरतो, भुसा होतो, आणि आषाढात त्याला बुरशी धरते. परदेशी पाठवायचं असेल तर तो विषयच नको. किडी आणि रोग येतील म्हणून बरेच देश गवत-पेंढ्याचं वेष्टन आत येऊ देत नाहीत. लाकडी पेटीलाही नियम आहे: लाकडावर कीड मारायचा ठरलेला उपाय केलेला हवा, बहुतेकदा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवणं, आणि तसा शिक्का हवा.

लोकरीने मात्र चकित केलं. ओळखीच्या एका सनगरांकडून घोंगडीच्या कडेचे तुकडे आणले आणि त्यांची चार झबली शिवली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला हल्ली विचारतं कोण. कातरणीचा खर्चही निघत नाही असं मेंढपाळ सांगतात. पण तिचा धागा मुळातच कुरळा, स्प्रिंगसारखा. दाबा, सोडा, पुन्हा होता तसा. दमट हवेतली ओल ती पोटात घेते आणि हाताला ओली लागतही नाही. माझ्या लादीवरच्या परीक्षेत दहाही वेळा घोंगडीचं झबलं पहिलं आलं. दोनच अडचणी: वास, आणि लोकर खाणारी कसर. कडुनिंबाचा पाला ठेवूनही दोन झबल्यांना भोकं पडली. पावसाळा कोरडा जातो अशा गावी कुणी हे करत असेल तर त्यांनी लोकरच धरावी, असं माझं मत आहे.

आणि खण. त्यांच्याशिवाय झबल्याचा उपयोग निम्मा. पुठ्ठ्याचे खण स्वस्त, पण ओल लागली की मान टाकतात. मग सनपॅकची शीट सापडली, निवडणुकीचे फलक ज्याचे करतात ती पोकळ प्लास्टिकची पाटी. मतदान झालं की गावोगाव तिचे ढीग पडतात. आमच्या पहिल्या क्रेटचे खण अशाच फलकांतून कापले, त्यामुळे बाटली बाहेर काढली की आतून एक उमेदवार हात जोडून उभा दिसायचा. प्लास्टिक टाळायला निघाले आणि क्रेटही प्लास्टिकचा, खणही प्लास्टिकचे, यावर घरात बरीच चेष्टा झाली. पण जी वस्तू शंभर फेऱ्या करते ती आणि जी एका फेरीत कचऱ्यात जाते ती, यांना एकाच नावाने हाक मारण्यात काही अर्थ नाही.

एक वाट याहून जुनी आहे: वेष्टन बाटलीपासून वेगळंच करायचं नाही. गोव्यात फेणी साठवायच्या त्या पोटुशा काचेच्या भांड्याला, गर्राफावला, बाहेरून विणलेलं कवच असतं. इटलीतल्या कियान्तीच्या वाइनची गोल बुडाची बाटली गवताच्या विणीत बसवलेली असायची. बूड गोल, कारण फुंकून घडवायला ते सोपं. उभं राहायचं आणि शेजारणीला न लागता प्रवास करायचा, तो भार गवताच्या विणीवर. हल्ली पाण्याच्या काचेच्या बाटलीवर सिलिकॉनचा मोजा चढवलेला मिळतो, तो याच घराण्यातला. अशा वेष्टनाचा मोठा फायदा म्हणजे ते हरवत नाही. बाटली जिथे, ते तिथे.

कारखान्याच्या पातळीवर, जिथे रिकाम्या बाटल्यांचे माणसाहून उंच ढीग पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौथऱ्यावर रचून जातात, तिथे स्ट्रेच रॅपला पर्याय म्हणून वेल्क्रोचे किंवा बकलचे जाळीदार पट्टे आणि घडी होणाऱ्या भिंतींच्या पेट्या मिळतात. पट्टा किती आवळायचा हे मात्र माणसाच्या हातावर राहतं. फिल्म गुंडाळणारं यंत्र प्रत्येक वेळी सारखंच आवळतं, पट्टा आवळणारा गडी जेवणानंतर जरा सैल आवळतो.

गेलेलं परत येतं का

इथवर आले तेव्हा मला वाटलं, झालं, सुटलं कोडं. मी शंभर झबली शिवून घेतली, घरगुती ग्राहकांना बाटल्यांबरोबर धाडली आणि चिठ्ठी घातली: कृपया परत पाठवावीत. सहा महिन्यांनी माझ्याकडे किती उरली असतील? बोटांवर मोजण्याइतकी. लोक वाईट नव्हते. झबलं छान होतं म्हणून त्यांनी ठेवून घेतलं. एकीने त्यात घडीची छत्री ठेवली, एकाने मुलाची शाळेची बाटली. मला रागवायचंही जमेना.

तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजा दर फेरीला शंभरातली नव्वद परत येतात. पहिल्या फेरीत शंभर गेली, दुसरीत नव्वद, तिसरीत एक्क्याऐंशी, असं करत सगळी संपेपर्यंत बेरीज होते हजार. म्हणजे सरासरी एक झबलं दहा वेळा वापरलं गेलं. ऐंशी परत आली तर सरासरी पाच वेळा. पन्नासच आली तर फक्त दोन वेळा, मग ते कितीही मजबूत असो. पंचाण्णव आली तर वीस वेळा. नव्वद आणि पंचाण्णवमधला फरक ऐकायला पाचाचा, पण त्याने आयुष्य दुप्पट होतं. झबल्याला मी शंभर फेऱ्यांचा धावदोरा घालत होते आणि ते दोन फेऱ्यांत कुणाच्या तरी छत्रीला जात होतं.

दुसरी गोम भाड्याची. कुरिअरवाले वजन बघतात तसं आकारमानही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५००० ने भागायचं. जे येईल ते किलो, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त असेल तर भाडं त्याचं. आमचं सहा बाटल्यांचं खोकं ३२ बाय २३ बाय ३०, म्हणजे जवळजवळ साडेचार किलो. जाताना आत सहा किलोंचा ऐवज असतो, त्यामुळे काही वाटत नाही. येताना आत असते हवा. किलोभराच्या रिकाम्या खोक्याला साडेचार किलोंचं भाडं, हवेला साडेतीन किलोंचं तिकीट! म्हणून परतीच्या वेष्टनाची घडी झाली पाहिजे. फिनलंडमध्ये २०११ मध्ये सुरू झालेल्या रीपॅकने हेच ओळखलं. त्यांची कपड्यांच्या पार्सलाची पिशवी रिकामी झाली की पाकिटाएवढी घडी होते आणि टपालपेटीत टाकता येते. काचेला ती पुरत नाही, कारण काचेला लागणारी जाडीच घडी होऊ देत नाही. इथे दोन गरजा एकमेकींच्या पायात पाय घालतात.

मोठमोठ्यांनाही हे सोपं गेलेलं नाही. २०१९ च्या जानेवारीत दावोसला लूप नावाच्या योजनेची घोषणा झाली. काचेच्या आणि धातूच्या डब्यांतून किराणा घरपोच, आत खण असलेल्या जाड अस्तराच्या पिशवीतून. रिकामे डबे त्याच पिशवीत भरून ठेवायचे, कुरिअरवाला घेऊन जाणार. अमेरिकेत यूपीएसच्या साथीने ती पिशवी बनवली होती आणि ती खरोखर सुरेख होती. पण एकेका घरातून एकेक पिशवी परत आणण्याचा खर्च मोठा. पुढे लूपने घरपोच पिशवीपेक्षा दुकानांतून देण्या-घेण्याकडे मोर्चा वळवला.

याउलट जर्मनीतली पाण्याची बाटली बघा. १९६९ मध्ये तिथल्या मिनरल वॉटरवाल्यांनी मिळून ०.७ लिटरची एकच बाटली ठरवली, गुंटर कुपेट्झ यांनी आखलेली. झरा कुणाचाही असो, बाटली तीच, लेबल तेवढं वेगळं. बारा खणांच्या क्रेटमधून ती दुकानात येते. बाटलीमागे १५ सेंट अनामत, रिकाम्या क्रेटची दीड युरो, मिळून ३ युरो ३० सेंट. एवढे पैसे अडकलेले असतात म्हणून माणूस क्रेट परत नेतो, आणि बाटली सगळ्यांची एकच म्हणून ती जवळच्या झऱ्यावर जाते, मूळ मालकाकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला नको. अशी एकेक बाटली पन्नासेक वेळा भरली जाते. अनामतीचा धाक आपल्याकडेही चालतो. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून सरकारी दारूच्या दुकानातल्या बाटलीवर १० रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणून दिली की परत करतात. डोंगरात, हत्तींच्या वाटेवर फुटक्या काचा पडू नयेत म्हणून हा खटाटोप.

आपल्या घरांत मात्र पैशांशिवायही हे चालत आलंय. शेजारणीचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, निदान चिमूटभर साखर घालून पाठवायचं. लहानपणी मला हा नुसता शिष्टाचार वाटायचा. आता त्यातला वाहतुकीचा हिशोब दिसतो: परतीची फेरी भरलेली असली की ती कुणाला जड जात नाही.

सध्या चाललंय ते असं

घरगुती ग्राहकांना मी झबली पाठवत नाही. त्यांना पुठ्ठ्याचे खण, वर-खाली चुरगळलेला जुना कागद गच्च दाबून, आणि खोकं हलवून पाहायचं; आत खडखड झाली तर पुन्हा उघडायचं. खोकी गावातल्या औषधाच्या दुकानातून येतात, म्हणजे त्यांचीही ही दुसरी फेरी. वर्षातून दोनदा मागवणाऱ्या माणसाकडून वेष्टन परत मागणं हा त्याच्यावर अन्याय, आणि त्याच्या घरी कागद रद्दीत जातो, आगळाने भिजला नसेल तर. परदेशी जाणाऱ्या पार्सलांचंही हेच.

झबली जातात ती फक्त दुकानांना. दादर, ठाणे, पुणे मिळून पाच दुकानं, दर आठवड्याला ट्रॅव्हल्सच्या बसने बारा खणांचे दोन क्रेट. क्लीनर नेहमीचा आहे. "वहिनी, हो क्रेट उभोच ठेवतंय मा, चिंता करू नकात," म्हणतो आणि ठेवतोही उभाच. दुकानदाराचे अनामतीचे पैसे माझ्याकडे जमा असतात. येताना क्रेटमध्ये हवा नसते, रिकाम्या बाटल्या असतात, आपापल्या झबल्यात, आपापल्या खणात. त्या आल्या की धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यातून काढायच्या, मग उकळत्या पाण्यातून, आणि तोंडाला टवका गेलाय का ते बघायचं. बोट फिरवायचं नाही, रक्त निघतं. सुती फडकं फिरवायचं. कुठे अडकलं तर ती बाटली बाजूला.

अडचण आहे ती मे महिन्याची. एरवी क्रेट जाऊन परत यायला तीन आठवडे लागतात. आठवड्याला २४ बाटल्या, तीन आठवडे, म्हणजे कुठल्याही दिवशी ७२ झबली वाटेवर किंवा दुकानांत असतात. मे महिन्यात आगळाचा नवा माल, मागणी दुप्पट, ४८ बाटल्या. आणि नेमके तेव्हाच चाकरमानी गावाकडे येतात, मुंबईहून सुटणाऱ्या बसची डिकी त्यांच्या बॅगांनी भरलेली, रिकाम्या क्रेटला जागा कोण देणार? परतीला पाच आठवडे लागतात. ४८ गुणिले ५, २४० झबली. माझ्याकडे आहेत १५०.

एका नऊवारीतून वीसेक निघतात. नव्वदांसाठी पाच लुगडी लागतील. तीन मिळालीत, चौथं द्यायला काकू तयार नाहीत.